आमच्या खोलीतले बालवाडीचे सर

आख्ख्या मराठवाड्यात बालवाडीच्या लेकरांना ज्याच्यापासून लांब ठेवावं असा एकच माणूस देवानं घडवला, आणि बालवाडीत शिकवायचं वेड नेमकं त्यालाच दिलं. हा माणूस माझा रूम पार्टनर. बेगमपुऱ्यात घरमालक चाचांच्या माडीवर आमची खोली होती. मी वैजापूरचा, कॉलेजच्या नावाखाली शहरभर लोकांच्या नकला करत फिरणारा. आणि हा सोयगावकडचा, शेतकऱ्याचा एकुलता एक. दारातून आत येताना वाकायचा, आणि झोपला की त्याचे पाय गॅलरीत. गळा दोन वावरं पलीकडं हाक मारून तयार झालेला, त्यामुळं माझ्या कानात काही सांगायला लागला तरी ते खाली चाचांना कळायचं. आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे मिशी. ती बघून रिक्षावाले न विचारता लायसन काढून दाखवायचे. गावाकडं त्याच्या वडलांना, आबांना, वाटायचं की पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय. पोरगं जात होतं बालवाडी शिक्षकांच्या वर्गाला, जिथं बाकी सगळ्या बायाच होत्या आणि हा मागच्या बाकावर गुडघे कानाला लावून बसायचा. मी एकदा विचारलं, "का रे, तुला दुसरं काही सुचलंच नाय का?" तर म्हणला, "लेकरं मला बघून पळत्यात गड्या. एखादं तरी माह्याकडं पळत यावं. बास, येवढंच."

वर्गात जे शिकवायचे ते तो घरी येऊन आमच्यावर वापरायचा. लेकराशी बोलताना खाली बसावं, डोळ्याला डोळा भिडला पाहिजे, असं तिथं सांगितलं होतं. झालं. त्याच्यापेक्षा बुटका कोणी दिसला की हा उकिडवा बसायचा, आणि त्याच्यापेक्षा बुटकं तर सगळं शहरच होतं. गुलमंडीत भर रस्त्यात भाजीवालीसमोर बसून गवार घ्यायचा, मागं हॉर्नची रांग. एकदा पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन आम्ही चाचांकडं गेलो तर हा त्यांच्यासमोर फतकल मारून, मान वाकडी करून, गोड आवाजात म्हणला, "चाचा, आपली टाकी का बरं रुसली असंल?" चाचा दोन पावलं मागं सरकले. "अरे उठ बेटा, उठ. मैं तेरेकू बच्चा दिखता क्या? और ये बाजूवाला हसता कायकू?" बाजूवाला म्हणजे मी. पण टाकी त्याच दिवशी दुरुस्त झाली, हे कबूल करायला पाहिजे. बहुतेक चाचांना वाटलं, हा उद्या मांडीवरच येऊन बसंल.

दुसरा नियम, लेकराला 'चुकलं' म्हणायचं नाय. मेसवाल्या मावशींचं वरण एकदा असं करपलं की ताटातून धूर निघायचा बाकी होता. आम्ही सगळे गप गिळत होतो. ह्यानं वाटी संपवली आणि टाळ्या वाजवत म्हणला, "छान प्रयत्न, मावशी. उद्या अजून छान जमंल आपल्याला." मावशींनी ऐकून घेतलं. पुढं आठवडाभर त्याच्या ताटात अर्धीच पोळी पडायची, आणि मावशी वर म्हणायच्या, "छान प्रयत्न कर बाबा, पुरंल."

साहित्य जमवायचा सोस तर विचारू नका. चिंचोके, बाटल्यांची बुचं, लग्नपत्रिका, फुटक्या बांगड्या, सगळं त्याच्या खाटेखाली. खोलीत सापडंल ते काही दिवसांनी प्राणी व्हायचं. माझा एक पायमोजा ससा झाला, दुसऱ्याचं कोल्ह्यात रूपांतर चालू होतं ते मी हिसकावून घेतलं. सकाळी मोरीतून त्याची गाणी यायची, स्वतःच रचलेली, "खारूताई, खारूताई, शेपूट कुणाला दिली गं बाई," आणि ते असं ऐकू यायचं की विहिरीत पडलेला बैल आईला हाक मारतोय. संध्याकाळी सराव. सराव करायला लेकरं कुठून आणायची? म्हणून आख्खा वर्ग मी. रडकं पोरगं मी, चुगलखोर पोरगी मी, 'बाई, शू' म्हणणारा मी, त्याचा डबा खाऊन वर 'मी नाय खाल्ला' म्हणणारा पण मीच. तो दर वेळी प्रत्येकासमोर वेगळा बसायचा आणि मनापासून समजूत घालायचा. रडक्या पोराची नक्कल करताना मी जरा जास्तच रंगलो तर हा मला कडेवर घ्यायला उठला. मी पळालो.

वर्ग संपला, सर्टिफिकेट हातात आलं, आणि आमचे सर सिडकोतल्या एका बालमंदिरात काम मागायला गेले. मी सोबत. ह्यानं फक्त खिडकीतून आत डोकावलं. एक पोरगं रडलं, मग शेजारचं, मग सगळी ओळ, जसं काय लाइटच्या माळेचं बटण दाबलं. मोठ्या बाई बाहेर आल्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या. म्हणल्या, "भाऊ, तुमचं शिक्षण बरोबर आहे हो. पण तुमचं तोंड बघा एकदा. असं करा, सोमवारी या. दोन तास वर्ग घ्या. लेकरं रडली नाहीत तर ठेवते." रस्ताभर तो दुकानांच्या काचांत तोंड बघत आला. बेगमपुऱ्यात शिरताना म्हणला, "मिशी काढतो."

मला हसूच आलं नाय. आमच्याकडं बाप आहे तोवर मिशीला वस्तरा लावत नाहीत. मिशी गेलेली दिसली की लोक समजतात, बाप गेला. मी म्हणलं, "आबांना कळलं तर?" तर म्हणला, "आबा कुठं येतेत इथं. दोन महिन्यात परत वाढंल." रविवारी न्हाव्याच्या खुर्चीत बसला. न्हाव्यानं मिशी ऐकताच रेडिओ बंद केला, हळू आवाजात "कसे होते, आजारी?" विचारलं, आणि ह्यानं काही बोलायच्या आत खांद्यावर हात ठेवून म्हणला, "राहू द्या, नका बोलू." तिथून आम्ही स्टँडकडं चहाला गेलो, तर ह्याच्या गावचा एक माणूस समोर. त्यानं ह्याचं तोंड बघितलं, डोक्यावरची टोपी काढली, आणि ह्याच्या गळ्यात पडून रडायला लागला. आता कोणताही शहाणा माणूस विचारंल, बाबा झालं काय? पण आमच्या सरांना वर्गात शिकवलं होतं, की रडणाऱ्याला प्रश्न विचारू नये, आधी रडू द्यावं. हा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणला, "हां हां. रड. रडून घे. छान वाटंल." त्या माणसानं रडून घेतलं, आणि तशीच गावची एसटी धरली.

पुढचं मला आबांनीच सांगितलं, सोमवारी सकाळी, आमच्या खोलीच्या दारात उभं राहून. दारातून आत येताना तेही वाकले. मिशी पोराच्या दुप्पट. "काल सांजच्याला ओट्यावर तंबाखू मळीत व्हतो. बाया रडत आल्या. म्या इचारलं, कोन गेलं गं? तं मलाच बघून किंचाळल्या." मग खोलीभर नजर फिरवली. "कुठाय त्यो?" मी म्हणलं, भरतीच्या ग्राउंडवर. आबा पायमोज्याच्या सशाकडं बघत म्हणले, "चल. दाव ते गराऊंड."

बालमंदिरात पोचलो तेव्हा दोन तास संपतच आले होते, आणि दारातून जे दिसलं त्यावर माझा विश्वास बसंना. हा जमिनीवर बसलेला, पाठीवर एक पोरगी, समोर बुचांची आगगाडी, आणि रडायचा आवाज नाही. मोठ्या बाई कोपऱ्यात खुर्चीवर, चेहरा पसंतीचा. मी आबांना धरणार तोवर ते उंबऱ्यात. लेकरांनी वर बघितलं. एक पोरगं रडलं, मग शेजारचं, मग आगगाडीचे सगळे डबे. बाई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं, चला सोयगाव.

तो मात्र जागचा हलला नाय. पाठीवरची पोरगी सांभाळत लेकरांना म्हणला, "हे माझे आबा आहेत. लई लांबून आलेत. भीती वाटती ना? मला पण वाटायची." आबांनी हे ऐकलं. शिव्यांची पूर्ण पोतडी घेऊन आलेला माणूस, पण ते तिथंच उंबऱ्यात उकिडवे बसले. खांद्यावरच्या उपरण्याचं टोक ओढलं आणि मिशी झाकून घेतली, नव्या सुनेनं पदर घ्यावा तशी. नुसते डोळे बाहेर. हुंदके हळूहळू कमी झाले. एक पोरगी जवळ जाऊन उपरण्याखाली काय आहे ते वाकून बघायला लागली, तर आबा मान फिरवत होते, तिला मिशी दिसू नये म्हणून. मोठ्या बाई खुर्चीवर परत बसल्या आणि म्हणल्या, "सर, उद्या साडेआठला या."

आबा पोराला न भेटताच बाहेर पडले. त्याला अजून लेकरं सोडत नव्हती, म्हणून त्यांना स्टँडवर सोडायला मी गेलो. आता मला पकडून धुणार, म्हणून मी जरा लांबूनच चालत होतो. ते एसटीत खिडकीला बसले, तंबाखूची पिशवी काढली, आणि न मळताच परत ठेवली.

"ल्हानपनी ह्यो बी मला आसाच भ्यायचा," ते म्हणले. "म्या वावरातून आलो की आईच्या मागं दडायचा. मला बरं वाटायचं रं. म्हनायचो, धाक हाय आपला."

कंडक्टरनं घंटी दिली. आबा समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिले. गाडी हलल्यावर म्हणले, "त्याला म्हनावं, आबा आल्ते."