गाऱ्हाण्यात घातलेला मुलगा

घाटकोपरला आमच्या चाळीजवळचं शिंप्याचं दुकान बंद पडलं आणि तिथे व्हिडिओ गेमचं पार्लर आलं. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. शाळा सुटली की तो तिथे जातो, हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं. मी स्वतः विचारलं असतं तर त्यानेच सांगितलं असतं कदाचित. पण आमच्या घरात मुलांना सांगायची पद्धत होती, विचारायची नव्हती.

एका संध्याकाळी कारखान्यातून मी थेट तिथे गेलो. आत अंधार, विड्यांचा धूर आणि पडद्यावर एक बंदूकवाला. दिसेल त्याला उडवत सुटलेला. बटणं माझा मुलगा दाबत होता आणि ओरडत होता, "मर ना साल्या, मर!" त्याचा तो चेहरा बघून मी मनातून हादरलो. पण बापाने घाबरायचं नसतं, चिडायचं असतं, एवढंच मला शिकवलेलं. कॉलर धरून त्याला घरी आणलं आणि पट्ट्याने झोडपलं. माणसं मारायचा खेळ खेळतो म्हणून! त्यातला मूर्खपणा बायकोला तेव्हाच कळला असावा. ती फक्त हळद घेऊन आली.

आठवडाभर तो गेला नाही. मग पुन्हा जायला लागला.

तेवढ्यात गणपती आले. आम्हां कोकणातल्यांकडे आरतीनंतर गाऱ्हाणं घालतात. घरातलं वडीलधारं माणूस देवापुढे हात जोडून घरच्या अडचणी मोठ्याने सांगतं आणि जमलेले सगळे त्याला होकार देतात. कुणाची नोकरी, कुणाचं दुखणं, कुणाचं अडलेलं लग्न. आमच्याकडे गाऱ्हाणं माझे चुलते घालायचे; मी हळूच मुलाचं त्यांच्या कानावर घातलं. देव सोडवेल, मला बोलावं लागणार नाही. असा आळशी बाप मी.

चुलत्यांचा आवाज खणखणीत. "बा देवा म्हाराजा, ह्या पोराक पडद्यावर माणसां मारूची जी काय वायट सवय लागली हा, ती सोडव आणि तेका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खी चाळ गरजली. त्यात त्याच्या वर्गातली पोरंही होती, ती फिदीफिदी हसत होती. तो हातात प्रसादाचं ताट घेऊन उभा होता. त्याने देवाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मग त्या हसणाऱ्या पोरांनाही एकेक मोदक वाटला.

दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला गॅलरीतून हाका मारायची, "ए, आज किती मुडदे पाडलेस रे?" त्याचं पार्लर सुटलं. गाऱ्हाणं लागू पडलं म्हणून मी कारखान्यात मिरवलो. तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पुढच्या वर्षी आरती संपली आणि हा चपला घालून बाहेर निघाला. मी दारात अडवलं.

"कुठे चाललास? गाऱ्हाणं व्हायचंय."

"माझ्याबद्दल काय ते तुम्ही देवालाच सांगा, बाबा. मी तिथे का जायचो, ते मला एकदा तरी विचारलंत?"

खोलीतले सगळे ऐकत होते. चारचौघांत पोरगा उलट बोलतो, एवढंच माझ्या डोक्यात गेलं. मी त्याच्या कानाखाली वाजवली.

तो का जायचा, ते मला आजही माहीत नाही.