घुबडाला मारलेला दगड

दवाखान्यात काम करणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात. इतरांचे ऐकून लोक हसतात. माझे ऐकून खिडक्या नीट लागल्यात ना, ते बघून येतात. २००४ साली मी ॲरिझोनात, अपाची या मूळ अमेरिकन लोकांसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशातल्या, म्हणजे रिझर्व्हेशनवरच्या, छोट्या हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर होते. नवरा फीनिक्सला सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे क्वार्टरमध्ये मी आणि पाच वर्षांची सई.

*

पहिल्याच आठवड्यात एका मुलाच्या घरच्या आजारांची हिस्टरी घेताना मी त्याच्या वारलेल्या आजोबांचं नाव विचारलं. त्याच्या आईने त्याला जवळ ओढून घेतलं. आमची अपाची नर्स डार्लीन मला बाहेर घेऊन गेली.

"डॉक, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. तो येतो."

"येऊन काय करतो?"

"येतो. तेवढं पुरे नाही का?"

*

वॉर्डात मी हौसेने एबीसीडीचा चार्ट लावला. दम्याच्या मुलाला घेऊन आलेली एक आई दारातूनच मागे फिरली. ओ फॉर आउल! घुबड दिसलं की मेलेलं माणूस जवळपास आहे, असं तिथे मानतात. डार्लीनने त्यावर संत्र्याचं चित्र चिकटवलं, तेही मान वळवून.

*

"तू शिकलेली नर्स, आणि तरीही?" मी तिला एकदा विचारलंच.

"शाळा नंतर आली, डॉक. त्याआधी मी रडले की आई म्हणायची, गप्प बस, घुबड ऐकतंय."

डार्लीनला वॉर्डात कोणी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तोवर मी त्याला धीटपणा समजत होते.

*

मग सईला ताप आला. औषधाला दाद देईना. संध्याकाळी समोरच्या खांबावर घुबड येऊन बसलं. पायरीवर सईने लाल रंगवलेला दगड होता, तोच उचलून भिरकावला. घुबड उडालं, आणि मला नागपूरची आई आठवली. घुबडाला दगड मारू नये, ते तो नेऊन पाण्यात घासत बसतं. दगड झिजतो तसं माणूसही झिजतं, असं ती सांगायची.

सकाळी डार्लीन सईला बघायला आली. हसण्यावारी नेईल म्हणून मी तिला हे सांगितलं. ती हसली नाही.

"दगड कुणाचा होता?"

"सईचा."

आम्ही दोघी अंगणात गुडघ्यांवर बसून शोधायला लागलो. दगड डार्लीनला सापडला. कुठे झिजलाय का, ते तिने उलटून पाहिलं आणि तो खिशात टाकला. मी हात पुढे केला.

"आधी आत जाऊन तिचा ताप बघ," ती म्हणाली.