खिळ्याला टांगलेली बॅट

पहिला आकडा दिसला तेव्हा किलोकाकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. दुसऱ्या आकड्याला वेग मोजायचं यंत्रच बिघडलंय असं जाहीर केलं. दहाव्या आकड्यापर्यंत मात्र त्यांची वाचाच बसली. ज्यांनी त्यांना चाळीस वर्षं ऐकलंय, त्यांना हे सांगूनही खरं वाटणार नाही.

काका बेसबॉलच्या बॅटी बनवत. लाकडाचा ठोकळा लेथवर चढवायचा, पटाशीने सोलत सोलत आकाराला आणायचा, घासायचा आणि मग वजनकाट्यावर ठेवायचा. काटा किलोच्या खाली राहिला की बॅट थेट जळणात. त्यावरूनच गल्लीने त्यांना हे नाव ठेवलं होतं आणि त्यांना ते पदवीसारखं वाटे. लाकडात वजन असेल तरच चेंडूला मार बसेल, हा त्यांचा सिद्धांत. हलकी बॅट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते विचारत, खेळायचंय की वारा घ्यायचाय? धातूच्या बॅटीला तर ते बॅट म्हणतच नसत. तो पाइप. पाइप हवा असेल तर नळ बसवणाऱ्याकडे जा, असं तोंडावर सांगत.

आणि त्यांच्याच घरात एक दिवस पाइप आला. नात चौदा वर्षांची, शाळेच्या संघात नुकतीच निवडलेली. आजोबांनी केलेली किलोची बॅट कोपऱ्यात ठेवून ती धातूची बॅट घेऊन सरावाला निघाली, तेव्हा काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी नातीनेच तोड काढली. ती हट्टाच्या बाबतीत थेट आजोबांवर गेली होती. दोन्ही बॅटींची परीक्षा घ्यायची. लाकूड जिंकलं तर ती वर्षभर लाकडानेच खेळेल. पाइप जिंकला तर आजोबांनी तिच्या प्रत्येक सामन्याला यायचं आणि पाइपबद्दल ब्रही काढायचा नाही. काका एका पायावर तयार झाले.

शाळेच्या विज्ञानाच्या बाईंकडे चेंडूचा वेग मोजायचं यंत्र होतं. रविवारी सकाळी सगळे मैदानावर जमले. चेंडू कसाही फेकला अशी कुरकूर नको, म्हणून बाईंनी तो कमरेइतक्या उंच रबरी नळीवर ठेवला. नातीने प्रत्येक बॅटने दहा-दहा फटके मारले. पाइपची सरासरी ताशी चौऱ्याण्णव किलोमीटर. काकांच्या लाकडाची अठ्ठ्याहत्तर.

सोळाचा फरक! एक-दोनचा असता तर काकांनी वाऱ्यावर ढकलला असता. सोळा कुठे लपवायचे? त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. त्या भरात ते बोलू नये ते बोलून गेले, की पोरगी लाकडाच्या वेळी मुद्दाम हात राखतेय. नातीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने हाताला आलेले फोड पुढे करून दाखवले. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई शांत होत्या. त्यांनी आता यंत्र बॅटीवरच रोखलं आणि बॅट किती वेगाने फिरते ते मोजलं. लाकडाची बॅट पाइपपेक्षा बरीच रेंगाळत होती. पाइपमध्ये दोन गोष्टी आहेत, त्या म्हणाल्या. तो पोकळ असल्याने त्याचा जाडा भाग हलका असतो, म्हणून तो चटकन फिरतो. शिवाय त्याचा पत्रा चेंडूच्या धक्क्याने जरासा दबतो आणि उसळून धक्का परत देतो. लाकूड दबत नाही, तिथे चेंडूच चेपतो. आता सोळापैकी किती धातूचे आणि किती वजनाचे, हे कळायला एक हलकी लाकडी बॅट पाहिजे.

आपल्या कारखान्यातून तसली बॅट बाहेर पडत नाही, असं काकांनी उरलासुरला ताठा गोळा करून सांगितलं.

"एक आहे," कुंपणापाशी उभा असलेला त्यांचा मुलगा म्हणाला. नातीचा बाप. सकाळपासून त्याचा हा पहिलाच शब्द होता. तो सायकल काढून गेला आणि पंधरा मिनिटांनी बॅट घेऊन आला.

काकांनी ती लांबूनच ओळखली. तेवीस वर्षं ती लेथच्या वर खिळ्याला टांगलेली होती. मुलगा पंधरा वर्षांचा असताना काका घरात नसल्याची संधी साधून त्याने आपली किलोची बॅट लेथवर चढवली होती, सोलून बारीक केली होती आणि टोकाला वाटीसारखा खळगा कोरला होता. काट्यावर ती आठशे ग्रॅम भरली. काकांनी घर डोक्यावर घेतलं आणि बॅट खिळ्याला लावली. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला ते ती दाखवत, की अंगात जोर नसला की माणूस लाकडाचं असं वाटोळं करतो. मुलाने त्याच आठवड्यात खेळ सोडला. काका म्हणाले, बरं झालं, नाहीतरी याचा फटका नेहमी उशिराच पडायचा.

नातीने बॅटीवरची धूळ झटकली आणि दहा फटके मारले. बॅट आता मोडेल, असं काकांना प्रत्येक फटक्याला वाटत होतं. मोडली नाही. बाईंनी बेरीज केली, भागाकार केला आणि वही काकांपुढे धरली. एकोणनव्वद.

पाइप जिंकला होताच. पण सोळांपैकी अकरा किलोमीटर धातूचे नव्हतेच. ते काकांच्या काट्याचे होते. मुलगा खेळायचा तेव्हा सगळ्यात घट्ट, सगळ्यात जड लाकूड त्यांनी दरवर्षी त्याच्यासाठी निवडून ठेवलं होतं, मायेने ठेवलं होतं. काका मटकन बाकावर बसले.

"तू मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी मुलाला विचारलं.

"रोज सांगत होतो, बाबा. बॅट जड आहे म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, हात हलका आहे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर काकांना सोसला असता.

दुपारी लेथ सुरू झाल्याचा आवाज आला म्हणून मुलगा कारखान्यात डोकावला. नवा ठोकळा फिरत होता. भिंतीवरचा खिळा उपटलेला होता आणि वजनकाटा कापडाखाली झाकलेला होता. काकांनी पटाशी हातात धरली होती, पण ती अजून लाकडाला लावली नव्हती.

"इथे उभा राहा," ते मान वर न करता म्हणाले. "कुठे थांबायचं ते मला कळत नाही. तू सांग."

मुलगा जवळ येऊन उभा राहिला. पटाशी लागली, लाकडाच्या लांब लांब साली खाली पडू लागल्या. ज्या जाडीवर काका जन्मभर थांबले होते तिथे त्यांचा हात आपोआप थबकला.

"अजून," मुलगा म्हणाला.