गढूळ पाणी मला चालत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, एकटी असताना स्वतःशी मोठ्यानंसुद्धा नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तुमचा चेहरा मला दिसत नाही, एवढंच एक कारण सापडतं — आणि तेही फारसं शोभणारं नाही.

मी गोंदियाच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. शहराला लागूनच असलेल्या कुडव्याला राहते. इथून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच, तरी गेली काही वर्षं दर हिवाळ्यात मी अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हिंग करते. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून प्रवाळांवरून तरंगत जायचं, खाली मासे, वर ऊन. परत आले की कॉलेजात फोटो दाखवायचे. गावात माझी ओळखच झाली — समुद्रात जाणाऱ्या म्याडम. मला ती ओळख फार आवडायची.

आम्हा डायव्हर मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एकदा कुणीतरी विचारलं, तुमचं असं एखादं मत सांगा जे बाकीच्यांना पटणार नाही. एकानं लिहिलं, बुडालेली जहाजं म्हणजे नुसतं भंगार. एक बाई म्हणाली, जो खाली कॅमेरा नेतो त्याला मासा दिसतच नाही. मी लिहिलं, ‘गढूळ पाणी मला चालत नाही. समोर वीस मीटर दिसत नसेल तर मी उतरत नाही. चिखलातली बुडी म्हणजे डायव्हिंग नव्हे, म्हशीचं डुंबणं.’ लोक खूप हसले. ज्याची त्याची आवड असते. आवडीत कसला आलाय गुन्हा?

त्यानंतरच्या ऑक्टोबरात कविताचा फोन आला. कविता आमच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, गाव सालेकसा तालुक्यात. तिचे वडील आदल्या संध्याकाळी गावतलावात शिंगाडे तोडायला डोंगी घेऊन गेले होते. डोंगी उलटी सापडली. वडील नाहीत.

“म्याडम, बाबा गवसून नाही राहिले. शोधवाले उद्या येतो म्हणतेत. तुमी तं समुद्रात उतरता. येऊन जा ना.”

मी लगेच निघाले. हे खरं आहे. गाडीच्या डिकीत माझी बॅग टाकली — मास्क, म्हणजे डोळे आणि नाक झाकणारा तो पाण्याखालचा चष्मा, पायाचे पंख, टॉर्च. सिलिंडर इथे मिळत नाही, पण तलाव जेमतेम दोन पुरुष खोल; श्वास रोखून बुड्या मारता आल्या असत्या. मला ते शिकवलेलं होतं. मग मी खरंच उतरायला निघाले होते, की गावानं मला उतरताना पाहावं म्हणून? आता मलाच सांगता येत नाही.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळं गाव उभं होतं. कविता आईला धरून बसली होती. पाण्यात श्यामराव होते — साठीचे, गावातले ढिवर, जन्म मासेमारीत गेलेला. ते सकाळपासून बुड्या मारत होते. वर यायचे, खोकायचे, तोंडातला चिखल थुंकायचे, पुन्हा खाली.

मी काठावर चप्पल काढली आणि एक पाऊल पाण्यात टाकलं. पोटरीपर्यंत चिखल. बुडबुडे आले, त्यांच्याबरोबर सडक्या वेलींचा वास. काहीतरी मऊ, बुळबुळीत तळपायाखालून सरकलं. आणि मला दिसलं — या काळ्या पाण्यात मी हात पुढे करून चाचपडते आहे आणि हाताला ते लागतं. रात्रभर पाण्यात राहिलेलं. कुणाचे तरी बाबा नव्हे — ते.

मला भीती वाटली असं म्हणायची माझी फार इच्छा आहे. भीती तरी माणसाला शोभते. मला घाण वाटली. मी पाऊल बाहेर काढलं, कविताजवळ गेले आणि म्हणाले की माझ्या कानाचा पडदा फाटलाय, डॉक्टरांनी पाण्यात जायला सक्त मनाई केली आहे, तुला फोनवर कसं सांगू ते कळेना.

माझे दोन्ही कान ठणठणीत होते.

“असू द्या म्याडम,” कविता म्हणाली. “तुमी आल्या, हेच बहुत झालं.”

इथवर वाचून तुम्ही मला माफ करायला निघाला असाल. नाही उतरवत एखादीला. थांबा. जे सांगायचं ते अजून आलेलं नाही — मी त्याच्याभोवती फिरते आहे, कळतंय मला.

थोड्या वेळानं श्यामराव दम खायला काठावर आले. डोळे लालबुंद, नीट उघडत नव्हते. त्यांनी ओंजळीनं डोळे धुतले, तेही त्याच पाण्यानं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “म्याडम, तुमच्याजवळ तो चष्मा असन ना, कवितानं फोटोत दाखवला तो? डोळ्याले लय झोंबून राहिलं. आन् बॅटरी असन तं तेही द्या.”

गाडी पन्नास पावलांवर होती.

मी म्हणाले, “नाही हो काका, घाईत घरीच राहिलं.”

का? तो मास्क माझ्या चेहऱ्याच्या मापाचा होता, शोधून शोधून घेतलेला. त्याच्या रबराला तो चिखल लागेल, नाकाच्या जागेत त्यांचा शेंबूड जाईल, आणि हिवाळ्यात तोच मी तोंडावर चढवायचा — हे, एवढंच, माझ्या मनात आलं. कविता चार हातांवर बसलेली असताना. गढूळ पाण्यात मास्कचा काय उपयोग, असं मी पुढे कितीदा स्वतःला समजावलं. खोटं आहे ते. टॉर्च जवळ धरली तर वीतभर दिसतं, आणि डोळे तरी वाचतात.

दुपारी तीनला श्यामरावांना कविताचे बाबा सापडले. तळाशी, शिंगाड्याच्या वेलींत पाय गुंतलेले. त्यांनी एकट्यानं वेली तोडल्या, त्यांना काखेत धरून वर आणलं आणि काठावर येऊन भडभडून ओकले. मी कविताला धरून रडले. माझं रडणं बघून एका म्हाताऱ्या बाईनं मला पाणी आणून दिलं. मी ते प्याले.

पुढचं सांगताना मला माझीच शिसारी येते. त्याच ग्रुपवर नंतर कुणीतरी विचारलं, तुमची सगळ्यात अवघड बुडी कोणती? मी लिहिलं. काळं पाणी, वेली, चाचपडणारा हात, गुंतलेले पाय, काखेत धरून वर आणणं, काठावरची उलटी — सगळं लिहिलं. फक्त श्यामरावांच्या जागी मी होते. जी मंडळी माझ्या गढूळ पाण्यावर हसली होती, त्यांनी हात जोडले. नागपूरला एका कार्यक्रमात मला शाल घातली. मी ती मान खाली घालून घेतली, संकोचल्यासारखी.

श्यामराव मला मागच्या वर्षी गोंदियाच्या बाजारात भेटले. मासे घेऊन बसले होते. उजवा डोळा पांढरा झाला होता, पूर्ण फूल पडलेलं. मी विचारलं नाही; त्यांनीच सांगितलं. “त्या दिसापासून सुजला, मंग गेलाच. एका डोळ्यानं चालते काम.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मग म्हणाले, “तुमचा कान कसा हाये? बरा झाला का?”

मी म्हणाले, “हो काका, आता बरा आहे.”

त्यांना खरंच बरं वाटलं. माझ्यासाठी त्यांनी एक चांगला मोठा मासा निवडून दिला.

त्यांना मी काही सांगितलेलं नाही. कविता रोज सकाळी माझ्या टेबलावर चहा ठेवते, तिलाही नाही. ग्रुपवरचं ते लिहिणं मी काढलेलं नाही. नवीन माणूस आला की कुणीतरी त्याला ते वाचायला देतं.

या जानेवारीतही मी अंदमानला गेले. मास्क चेहऱ्यावर चढवला, नीट बसला. पाणी इतकं नितळ होतं की तळातली वाळू वरून दिसत होती. मी पाऊण तास खाली होते, आणि मला मजा आली.