अननसाची खरवड

नव्वदच्या आसपास मी उल्हासनगरात जॅम आणि सॉस बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होते. बदलापूर गावातून रोज लोकलने येऊन-जाऊन करायचे. अननसाचा जॅम उतरवला की कढईच्या बुडाला काळपट, चिकट थर उरायचा. ती खरवड पाणी मारून गटारात सोडत. डिसेंबरात मात्र आमची आंटी ती डब्यात भरून घ्यायची. आंटी माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, वाटेतल्या अंबरनाथच्या चाळीत राहणारी ख्रिश्चन बाई. कढईवरचं काम मला तिनेच शिकवलं होतं.

नाताळला तिच्याकडे हॅम असायचा, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी. ती पाण्यात भिजत घालून मीठ उतरवायचं, उकडायची, वरच्या चरबीवर सुरीने चौकटी पाडून लवंगा खोचायच्या. मग खरवडीत व्हिनेगर, गूळ आणि मोहरीची पूड घालून रस आटवायचा. "आधी गोड, मग आंबट, आन् लास्टला नाकात गेला पाहिजे," म्हणत ती चमचा माझ्या तोंडापुढे धरायची. तो रस फासलेला हॅम पाववाल्याच्या भट्टीत जायचा आणि तांबूस, चकचकीत होऊन यायचा. कडेचा करपट तुकडा माझा. आमच्या घरी डुक्कर चालत नसे, म्हणून मी तो तिच्या ओट्यापाशीच खाऊन निघायचे.

एका डिसेंबरात शेठने मला काम सुटताना फाटकावर बायकांचे डबे तपासायला बसवलं. खुर्ची मिळाली आणि माझ्या डोक्यात हवा गेली. आंटीचा डबा उघडला तेव्हा शेठ मागेच उभा होता. "क्या है?" त्याने विचारलं. झाकण लावून "भात" म्हटलं असतं तर तो वाकूनही बघता ना. मी म्हटलं, "कारखान्याचा माल आहे." मला त्याची भीती नव्हती, हे आज कबूल करते. मला फक्त चोख दिसायचं होतं.

"जळलेलं आहे शेठ, फेकायचंच होतं," आंटी एवढंच म्हणाली. त्याने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती फाटकाबाहेर गेली आणि मी पुढच्या बाईचा डबा उघडला.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या एकीच्या हाती माझ्यासाठी डबा आला. आत कडेचा तुकडा होता, पांढराफटक, वर काहीच न लावलेला. "आंटी म्हणाली, यंदा नुसताच आहे म्हणून सांग," तिने निरोप दिला. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. एवढं होऊनही तिने माझा वाटा काढून ठेवला, याचीच मला जास्त लाज वाटली. जेवणाच्या सुट्टीत मी तो खारट तुकडा सगळा खाल्ला.

डबा घासून घरी नेला. आलेला डबा रिकामा परत करू नये, अशी आपली रीत. त्यात काय घालून न्यावं ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही, आणि अंबरनाथला उतरायचं राहिलं ते राहिलंच.