मतमाउलीची आत्या

तुमच्या घरातल्या कुठल्या मुलीच्या जन्माला पेढे वाटले होते, आठवतं का? सावकाश आठवा, मला घाई नाही.

मागच्या महिन्यात फिलोमावशी गेल्या. खडकीत आमच्या समोरच्या दारात राहायच्या. मूळच्या नगरकडच्या कॅथलिक, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मुलाचा, राजूदादाचा फोन आला. "आई गेली गं. झोपेतच..." मग म्हणाला, "पाळण्याचं आता कोण बघणार?"

पाळणा मतमाउलीचा, म्हणजे मारियामातेचा. आठ सप्टेंबर हा तिचा जन्मदिवस. मावशी त्या दिवशी हॉलमध्ये लाकडी पाळणा टांगायच्या, त्यात गुलाबी झबल्यातली बाहुली ठेवायच्या आणि इमारतीतल्या सगळ्या बायकांना बोलवायच्या. "चर्चमध्ये संतांची आठवण बहुतेक मृत्यूच्या दिवशी काढतात," त्या सांगायच्या. "जन्माचे सण तिघांचेच. येशूचा, त्याला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा आणि हिचा. दोन मुलगे, एक मुलगी. मुलग्यांचं करणारे पुष्कळ आहेत." मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, हा आपल्याकडचा न लिहिलेला कायदा. मावशी पेढेच आणायच्या. एकदा मी बरोबर होते. मिठाईवाले म्हणाले, "मुलगा झाला वाटतं?" "मुलगी. बरीच जुनी आहे." "मग बर्फी न्या." "तिनं पेढे मागितलेत," मावशी म्हणाल्या.

बारसं म्हटलं की बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायला आत्या हवी. मतमाउलीला आत्या कुठून आणायची? मावशी दरवर्षी इमारतीतली एखादी मुलगी नेमायच्या. माझी पाळी आली तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. बाहुलीच्या कानाशी वाकले, कुर्र केलं आणि ठणकावून स्वतःचंच नाव सांगितलं... मुक्ता. माझ्या पाठीवर धपाटे घालायला उगारलेले बायकांचे हात तसेच राहिले. आई खाली बघायला लागली. माझं बारसं झालंच नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहितात. बारशाच्या कर्मकांडावरचं त्यांचं पत्रक मला पाठ होतं. धाकट्या भावाच्या वेळी आजीच्या हट्टापुढे ते पत्रक कुठे गेलं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

मावशींनी बाहुली उचलली. "सरक गं बाई जरा," तिला म्हणाल्या आणि मला पाळण्यात बसवलं. गुडघे पोटाशी, मांडीवर मतमाउली. मग स्वतः आत्या होऊन माझ्या कानात कुर्र केलं. धपाटे त्यांनी खाल्ले, पेढा मी.

कॉलेजात गेल्यावर मी त्यांना सुनावलं, "मावशी, मी देव मानत नाही." "मान कोण म्हणतंय? दोरी ओढ," त्या म्हणाल्या. मी दरवर्षी दोरी ओढत राहिले... आणि चर्चची पायरीही न चढलेल्या आमच्या इमारतीत मुलीचा जन्म हा सण झाला.

पाळणा आता आमच्या घरी आहे. छताला कडी बसवायला बाबा स्टुलावर चढले. "हे कर्मकांडात बसत नाही का?" मी विचारलं. "स्टूल धर," बाबा म्हणाले.

आठ सप्टेंबरला पाळणा हलेल. तुम्हाला खडकीला येणं जमणार नाही, तर एवढं करा. तुमच्या आईला, आजीला, सासूला विचारा, त्यांचं स्वतःचं बारसं झालं होतं का. नाही म्हणाल्या, तर त्या दिवशी त्यांच्या कानाशी वाका, कुर्र करा आणि त्यांचं नाव त्यांना सांगा. दुकानदारानं बर्फी पुढे केली, तर पेढेच मागा.