काळा रस्सा आणि गॅसची गोळी

आमच्या कोष्ट्यांच्या घरी रविवारी काळ्या रश्शाचं मटण शिजतं आणि पंगतीत मिठाच्या आधी गॅसची गोळी वाढली जाते. थट्टा नाही. काकाजी खिशातून स्ट्रिप काढतात आणि एकेकाच्या ताटाशी गोळी ठेवत जातात. ‘घे, आता दाबून जेव.’ माझं असं डोकं फिरतं की घास उतरत नाही.

बाबा आणि काकाजी, दोघाही भावांनी तरुणपणी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणली. आता गुडघे ठणकतात, म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेतात, तीही उपाशीपोटी. पोटात आग पडली की गॅसची गोळी. आग विझली की पुन्हा दुखण्याची! मी ओरडायची, ‘बाबा, डॉक्टरला दाखवा!’ तर दोघे हसायचे. ‘सासरी जाऊन लय शिकून आली हे.’

मग एका सकाळी बाबा संडासातून भिंत धरत आले. आई हळूच म्हणाली, ‘काळी कुळकुळीत, डांबरासारखी होऊन राहिली त्याहिले.’ मी किंचाळलेच, आधी सांगितलं काहून नाही? बाबा पांढरेफटक पडलेले, तरी ऐट केवढी!

‘अवं, काळा रस्सा खाल्ला त काळीच होईन ना!’

आणि आई मान डोलावते! अरे देवा, आमच्या रश्शाचं आम्हाला एवढं कौतुक, की रक्तालाही मसाला म्हणून मोकळे झालो.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात भरती केलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. दुखण्याच्या गोळ्यांनी जठरात जखम झाली होती आणि ती आतल्या आत वाहत होती. पोटातलं रक्त असं काळं होऊनच बाहेर पडतं. ‘गॅसची गोळी वाईट नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण तिनं आग दबली, म्हणून तुम्ही दुसरी गोळी खातच राहिलात. आणखी उशीर केला असता तर हे हाती लागले नसते.’ एवढं ऐकून बाबांनी काय विचारावं? रविवारपर्यंत सुटी होईल का! हात जोडले मी.

दुपारी काकाजी भेटायला आले. बाबांना रक्त चढत होतं. इतका वेळ सगळ्यांवर डाफरणारी मी, बाबा जातील या भीतीनं कोपऱ्यात रडत उभी होते. काकाजींनी डोक्यावर हात ठेवला, अगदी मायेनं.

‘रडू नको वं पोरी. काही नाही होत त्यानं. माही त कधीची काळीच होऊन राहिली.’

मी त्यांचा दंड धरला आणि ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ‘अवं, चप्पल त घालू दे,’ ते म्हणत होते.